पंगतीचं टोक

भाऊबिजेच्या संध्याकाळी माझी आई चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला भाऊ मानावं, अशी आपल्याकडची रीत. माझ्या आईला भाऊ होता. सख्खा, थोरला, धडधाकट, आमच्या मळ्यापासून चार मैलांवर राहणारा. तरी १९८६ च्या दिवाळीपासून ती तबक घेऊन अंगणात यायची आणि पश्चिमेकडे बघत उभी राहायची. द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही, दिवेलागणीनंतर तासाभरात मावळते. म्हणून त्या दिवशी आईची सारखी घाई चालायची. वात नीट लागली नाही तर जीव खालीवर व्हायचा. कोरीला ओवाळून झालं की ती तबक खाली ठेवायची आणि गुरांना वैरण टाकायला जायची. आम्ही कुणी काही बोलत नसू.

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. वर्गातली पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जायची. मला मामाचं गाव घरूनच दिसायचं. स्वच्छ हवेत मळ्यातल्या उंच बांधावर उभं राहिलं की तिथल्या देवळाचा कळस चमकायचा. तेवढंच माझं मामाचं गाव.

हे माहेर पाण्यानं तुटलं होतं.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाडचं धरण आहे. मातीचं धरण, साठा २,३०२ दशलक्ष घनफूट. ऐंशीच्या सुमाराला त्याचं पाणी कालव्यांतून खेळू लागलं. उजवा कालवा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वळसे घेत निफाड तालुक्यातल्या ओझरकडे येतो. कालव्यातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून पोटचाऱ्या, आणि तिथून शेताच्या बांधाला पाणी लागतं. नकाशावर हे सगळं फार देखणं होतं. ज्या ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना उभा आहे, त्याच ओझरच्या शिवारात पाटाचं पाणी मात्र पोचत नव्हतं. विमानांचा आवाज रोज यायचा. पाण्याचा यायचा नाही.

आमची चारी अशीच. तिच्या तोंडाशी मामाचं गाव आणि शेपटाशी आमचं. सात नंबरचा फॉर्म दोन्ही गावांनी भरलेला, पाणीपट्टीची मागणी दोघांनाही आलेली. पाणी सुटलं की आधी मामाच्या गावात शिरायचं आणि तिथंच जिरायचं. आमच्याकडे चारीच्या तळाला ओल दिसायची, कधी तीही नाही. वरचे म्हणायचे, खालच्यांना रात्री जागायला नको, नुसतं रडायला हवं. खालचे म्हणायचे, वरचे चोर आहेत. लोक एकाच जातीचे, एकाच देवाच्या यात्रेला जाणारे, अर्ध्या सुना या गावातल्या त्या गावात दिलेल्या. आधी पाणी तुटलं, मग यात्रेतली काठी वेगळी झाली, मग सोयरिकी थांबल्या.

१९८६ च्या फेब्रुवारीत आमचा गहू ओंबीवर आला होता. एक पाणी मिळालं असतं तर पीक पदरात पडलं असतं. पाळी आमची होती, चारी कोरडी होती. दादा, म्हणजे माझे वडील, दोघा भाऊबंदांना घेऊन रात्री चारीच्या कडेकडेनं वर चालत गेले. चार मैल चालल्यावर त्यांना पाणी सापडलं. काठावरून मामाच्या वावरात चार डोंगळे सोडलेले होते. ज्यांनी पाटाची शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगळा म्हणजे कालव्याच्या काठावरून पलीकडे टाकलेला नळ. एकदा तोंडानं ओढ दिली की पाणी आपोआप चढून पलीकडे पडत राहतं, गेटाला हात लावावा लागत नाही. दादांनी एक डोंगळा उपसून फेकला. अंधारातून माणसं आली. त्यात मामा होता. फावडं कुणी मारलं हे शेवटपर्यंत ठरलं नाही, पण दादांचा उजवा खांदा फुटला आणि तो हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही.

पुढं पोलीस, कोर्ट, तारखा. दोन वर्षांनी आईची आई गेली. आई एकटी पायी गेली, मातीला उभी राहिली आणि माहेरच्या पाण्याचा घोटही न घेता उन्हातून परत आली. तिचे ओठ फुटलेले मला आठवतात.

लहानपणी मला वाटायचं, या भांडणात मामा जिंकला आणि आम्ही हरलो. तसं नव्हतं हे पुढं कळलं. मिळेल तेव्हा मिळेल तेवढं घ्यायचं, कारण पुढचं आवर्तन कधी येईल याची खात्री नाही, असा वरच्यांचा हिशेब. त्यामुळे मामाच्या रानात पाणी नेहमी गरजेपेक्षा जास्त पडायचं. काळी जमीन ते पोटात धरून ठेवायची. चार-पाच वर्षांत सखल भागात पांढरट फूल वर येऊ लागलं आणि जमीन चोपण झाली. ओली असताना नांगर फसायचा, वाळली की ढेकूळ दगडासारखं. हरभरा उगवून पिवळा पडायचा. आमचं रान तहानेनं गेलं आणि त्याचं बुडून. चार मैलांच्या चारीवर दोन्ही टोकांची माणसं कर्जात होती आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा मजेत आहे.

१९९०-९१ च्या सुमाराला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचं नाव आमच्याकडे ऐकू येऊ लागलं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे ही दोन माणसं गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी बोलत होती. त्यांच्या खटपटीतून कालव्याच्या शेपटाला तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. कल्पना साधी होती, पण तिच्या पोटात मोठी उलथापालथ होती. सरकारनं एकेका शेतकऱ्याला पिकाच्या आणि एकराच्या हिशेबानं पाणी द्यायचं नाही. संस्थेला घनमीटरमध्ये मोजून द्यायचं आणि पैसेही मोजून घ्यायचे. संस्थेनं ते आपल्या सभासदांत जमिनीच्या प्रमाणात वाटायचं. वाट्याला आलेल्या पाण्यावर कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यानं ठरवायचं. आपल्याच जिल्ह्यात बागलाणला मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धतीनं लोकांनी शतकानुशतकं स्वतः पाणी वाटून घेतलं. तेव्हा हे काही आकाशातून पडलेलं शहाणपण नव्हतं. मधल्या काळात आपण ते विसरलो होतो, एवढंच.

त्या वाऱ्यानं आमच्या चारीवरही बैठका सुरू झाल्या. बैठक कुठल्या गावात घ्यायची यावरच दोन महिने गेले. शेवटी दोन्ही शिवांच्या मधल्या मारुतीच्या देवळात जमायचं ठरलं. वरचे सभामंडपाच्या एका खांबाला, खालचे दुसऱ्या. गोष्ट अडली ती एका नियमावर. पाणी आधी शेपटाला द्यायचं, मग मधल्यांना, मग तोंडाला.

मामा उठला. म्हणाला, "पाणी आधी आमच्या शिवारात येतं. उतारच तसा दिलाय देवानं. डोळ्यांदेखत पाणी खाली वाहताना बघायचं आणि आम्ही कोरडं बसायचं, हा कुठला न्याय?"

बायका बैठकीला बसत नसत. आई चहाची किटली घेऊन ओट्यापाशी आली होती. तिनं किटली खाली ठेवली. पाच वर्षांत ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "आपले बाबा पंगत कुठून वाढायला लावायचे?"

मंडपात कुणी बोललं नाही. वरच्या गावातल्या म्हाताऱ्यांना उत्तर माहीत होतं. माझे आजोबा लग्नकार्यात वाढप्यांना ताकीद द्यायचे की बुंदीची परात आधी पार टोकाला न्या, गोठ्याकडच्या पानांवर, जिथं गडीमाणसं आणि लेकुरवाळ्या बसतात. पाहुणे आणि पंच चुलीजवळच्या पानांवर असत आणि त्यांना नेहमी शेवटी वाढलं जाई. चुलीशी बसलेला उपाशी राहत नाही, त्याची काळजी करायचं कारण नाही, असं ते म्हणायचे. एरवी पंगतीत बुंदी संपायची ती टोकावरच, आणि आजोबांना ते सहन होत नसे.

मामानं आईकडे पाहिलं, टोपी उचलली आणि तो देवळातून निघून गेला.

आईच्या त्या एका वाक्यानं मामाचं मन पालटलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तो सबंध हंगाम त्यानं संस्थेच्या कागदावर सही केली नाही. सही झाली ती पुढच्या वर्षी, आणि तिला कारण होतं ते पांढरं फूल. जमीन आणखी दीड एकर पुढं सरकून खराब झाली होती. त्याला वरच्या अंगाच्या दोन एकरांत द्राक्षं लावायची होती. बागेला महापुराचं पाणी चालत नाही. थोडं, वेळेवर आणि खात्रीचं लागतं. ती खात्री चोरीच्या पाण्याला नसते. डोंगळ्यानं पाणी कितीही घेता येतं, पण कालव्यात पाणी असेल तेव्हाच. संस्थेत त्याच्या नावावर इतकं पाणी, अमुक तारखेला, कुलपातलं. मामानं हिशेब केला आणि आला. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आईचा प्रश्न त्याच्या मनात रुतून बसला असेलही, पण माणसाला परत यायला पायाखाली वाट लागते, आणि ती वाट दोन एकर द्राक्षांची होती.

मग चारीवर मोजमाप बसलं. तोंडाशी एक आणि शेपटाशी एक. ही सिमेंटची गळचेपी केलेली नाली असते. तिच्या भिंतीला आकडे घातलेली पट्टी. पाणी पट्टीवर किती सेंटिमीटर चढलं ते बघायचं, तक्त्यात बघून सेकंदाला किती लिटर ते काढायचं, तासांनी गुणायचं. चौथीच्या पोराला जमेल एवढं गणित. पहिल्या आवर्तनाआधी दोन्ही गावच्या लोकांनी मिळून सगळे डोंगळे काढले आणि पाणी सोडलं. वरच्या पट्टीवर आणि खालच्या पट्टीवर आकडा घेतला.

निम्म्याहून जास्त पाणी वाटेतच नाहीसं होत होतं.

कुणी एक थेंब घेत नसताना नाहीसं होत होतं. उंदीर-घुशींची बिळं, खचलेलं अस्तर, काठ धरून माजलेली बेशरम, तळाला गुडघाभर गाळ. चोरी झालीच नव्हती असं नाही. मामाचे चार डोंगळे खरे होते. पण ज्या पाण्यासाठी दादांचा खांदा गेला, त्यातलं कितीतरी पाणी कुणाच्याच वावरात गेलं नव्हतं. त्या दिवशी दादा घरी आले ते ओसरीवर कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "पाणी मातीनं पिलं गं. आपण एकमेकांना पिलो."

उन्हाळ्यात दोन्ही गावांनी गाळ काढला. ज्याची जितकी जमीन तितके फूट त्याच्या वाट्याला, आणि वाटणी मुद्दाम उलटी केली. खालच्यांनी वरचा भाग काढायचा, वरच्यांनी खालचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गावची माणसं आमच्या शिवारात आली आणि त्यांनी आमच्या विहिरींचे तळ पाहिले. आम्ही त्यांची चोपण झालेली वावरं पाहिली. कुणी कुणाची क्षमा मागितली नाही. एक म्हातारा आमच्या कोरड्या विहिरीत वाकून बराच वेळ बघत होता, तेवढं मला आठवतं.

संस्थेनं एक नियम केला होता. पाणी चालू असेतोवर दिवसातून तीनदा पट्टीवरचा आकडा घ्यायचा, आणि तो एकट्यानं घ्यायचा नाही. एक माणूस तोंडाचा, एक शेपटाचा. दोघांनी वाचायचा, दोघांनी वहीत सही करायची. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या बाजूनं दादांचं नाव आलं, त्यांच्या बाजूनं मामाचं. बदला म्हणून दोघांनाही सांगता आलं असतं. दोघांनीही सांगितलं नाही.

पहिला हंगामभर ते दोघं फक्त आकडे बोलले. मी दादांबरोबर कंदील घेऊन जायचो, म्हणून मला ठाऊक आहे. मामा वाकून म्हणायचा, "अठरा." दादा वाकायचे, "अठरा." सही. सही. मग दोघं दोन दिशांना. रात्री, पहाटे, थंडीत धुकं असताना, तेवढंच संभाषण. कधी अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडायचा. मग दोघं उकिडवे बसून पाण्याचा हेलकावा स्थिर व्हायची वाट बघायचे. बोलणं नसायचंच, पण खांद्याला खांदा लागायचा. ज्या माणसावर माझा विश्वास नाही त्याच्यासमोर मी मोजतो, त्यालाही मोजू देतो, आणि दोघांचा आकडा एकच येतो. हे शे-दीडशे वेळा घडलं.

दुसऱ्या हंगामात मामानं आकड्यापलीकडचं पहिलं वाक्य उच्चारलं. "दाजी, बागेला काडी कुठली लावली?"

दादांनी संस्थेचं पाणी आल्यावर एकरभर थॉमसन द्राक्ष लावलं होतं. पावसाळ्यात कालव्याला वाहून जाणारं जादा पाणी नाल्यांत सोडून छोट्या बंधाऱ्यांत अडवायचं, म्हणजे विहिरी भरतात, हा ओझरच्या संस्थांचा धडा आमच्याकडेही गिरवला गेला होता. विहिरीला पाणी टिकू लागलं म्हणून बाग टिकली. १९९३ च्या ऑक्टोबर छाटणीत दादांनी चांगल्या काड्या निवडल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि मला सायकलवर बांधून दिल्या. "मामाकडे नेऊन दे. जाताना सावलीनं जा, काडी सुकेल." चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा मामाच्या गावाला गेलो. मामीनं मला पाणी दिलं. मी ते पूर्ण तांब्याभर प्यायलो, आईचंही.

त्यानंतरच्या गोष्टी जिल्ह्याला माहीत आहेत. तीन संस्थांचा अनुभव कालव्यानं वर सरकत गेला. २००३ पर्यंत वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात चोवीस संस्था झाल्या, त्यांची मिळून प्रकल्पाची एक संस्था झाली आणि सगळ्या धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. महाराष्ट्रातलं हे असं पहिलं धरण. २००५ साली राज्यानं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात लिहिलंय की संस्थेच्या संचालक मंडळावर तोंडाचे, मधले आणि शेपटाचे शेतकरी सारखेच असले पाहिजेत, आणि बायकांनाही जागा असली पाहिजे. ते वाचलं तेव्हा मला किटली खाली ठेवणारी आई दिसली. दिंडोरी-निफाडची द्राक्षं परदेशी जाऊ लागली, मोहाडीत सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची मोठी कंपनी उभी राहिली. आमच्या दोन गावांत सोयरिकी पुन्हा सुरू झाल्या, यात्रेची काठी एक झाली.

पण पंगतीचं टोक सरकत असतं. आमच्या बागांत छाटणीला, डिपिंगला, खुडणीला पेठ आणि सुरगाण्याहून कोकणा, महादेव कोळी कुटुंबं येतात, पोराबाळांसकट शेडमध्ये राहतात. पाऊस सगळ्यात जास्त त्यांच्या डोंगरात पडतो, आणि उन्हाळ्यात त्यांच्या बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. त्यांच्या नावावर आमच्या कुठल्या वहीत पाणी नाही. परात तिथवर पोचलेली नाही. हे मी आमच्या संस्थेच्या सभेत बोलतो, दर वर्षी बोलतो, आणि आजोबांचं नाव घेऊन बोलतो.

१९९३ ची दिवाळी उशिरा होती, नोव्हेंबरच्या मध्याला. रब्बीचं पहिलं आवर्तन नुकतंच सुटलेलं. भाऊबिजेच्या संध्याकाळी आईनं तबक तयार केलं, पण ती अंगणात आली नाही. कोर दिसली, खाली गेली, मावळली. मी दोनदा आत जाऊन सांगितलं. आई भाकरी थापत राहिली. मग तिनं चूल विझवली, तबकावर फडकं टाकलं आणि मला म्हणाली, "आज आकडा किती वाजता घेतात?"

"नऊला."

चारीच्या काठानं अंधारात आम्ही निघालो. मोजमापापाशी दादा आणि मामा आधीच येऊन बसले होते, मधे हातभर अंतर ठेवून. आईला बघून मामा उभा राहिला. ती काही बोलली नाही. फडकं काढलं, वात पेटवली, त्याला चारीच्या काठावर बसायला सांगितलं. त्यानं डोक्यावर टोपी नीट केली. आईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. हात थरथरत होता, पण ज्योत विझली नाही. मामानं सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले. एकात वहीची पेन्सिल होती, दुसऱ्यात काहीच नव्हतं.

"उद्या आणून देतो, बाई," तो म्हणाला.

"सात वर्षांची बाकी आहे," आई म्हणाली.

"लक्षात आहे."

नऊ वाजले होते. कंदिलाची काच काजळली होती आणि पट्टीवरचे आकडे दिसेनात. आईनं निरांजन उचललं आणि पाण्यावर धरलं. दोघं वाकले.

"एकवीस," मामा म्हणाला.

दादांनी पाणी थांबायची वाट पाहिली. "एकवीस."